थांब्यावर राहिलेली बाई

१

जेवण झालं की मेरिलिन तासभर आडवी व्हायची. अकरा आठवड्यांच्या प्रवासात हा नेम एकदाही चुकला नव्हता. गाडी म्हणजे पांढऱ्या रंगाचं चालतं घरच होतं. पुढे दोन सीटा, त्यांच्यामागे जाड निळा पडदा, पडद्यापलीकडे शेगडी, बेसिन, कपाटं आणि अगदी मागच्या भिंतीला लागून पलंग. चालत्या गाडीत पट्टा न लावता असं झोपणं कायद्यात बसत नाही, हे लीथ पास्कोला ठाऊक होतं, आणि उत्तरेतल्या डार्विनहून निघताना त्याने ते सांगूनही पाहिलं होतं. त्यावर मेरिलिन म्हणाली होती की सेहेचाळीस वर्षं तुझ्या शेजारी काढली आणि मेले नाही, तर एक तास पलंगावर काढून काय मरणार आहे.

थांब्यावरून निघतानाचा क्रमही ठरलेला होता. लीथ सहाही चाकं बघायचा, पायरी आत सरकवायचा, बाजूचं दार लोटून ते नीट बसल्याची खात्री करायचा आणि पुढच्या सीटवर चढायचा. मग किल्ली फिरवण्याआधी, मान न वळवता विचारायचा, "आहेस ना?" मागून कपाटाच्या दारावर बोटाच्या पेराने दोनदा टकटक व्हायची. ती तोंडाने उत्तर द्यायची नाही. बोललं की आलेली झोप जाते, असं तिचं म्हणणं होतं.

त्या दिवशी कार्मोडीच्या थांब्यावर दोघांनी मटण भरलेली एक पाई अर्धी-अर्धी खाल्ली, चहा घेतला, टाकी भरली. मेरिलिन बाजूच्या दाराने आत गेलेली त्याने पाहिली. मग तो मागच्या चाकांपाशी वाकला, कारण आतल्या बाजूच्या एका चाकात खडा अडकल्यासारखा वाटत होता. तो खडा काढण्यात पाच मिनिटं गेली असतील. पायरी, दार, सीट. "आहेस ना?"

"आहे," पडद्यामागून आवाज आला.

लीथने किल्ली फिरवली आणि गाडी रस्त्यावर घेतली. दोन वाजायला दहा मिनिटं होती. उद्या दुपारपर्यंत ते दक्षिणेतल्या मूंटाला, आपल्या घरी पोचणार होते.

टकटक झाली नाही, हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा थांबा पंधरा किलोमीटर मागे राहिला होता. त्याने त्यावर थोडा विचार केला. झोप लागली नसेल, म्हणून बोलली असेल. किंवा टकटक झाली असेल, आणि आवाज आल्याचं आपल्यालाच वाटलं असेल. हा दुसरा विचार त्याला आवडला नाही. एकतीस वर्षं विद्यापीठात मृदाशास्त्र शिकवताना तो विद्यार्थ्यांना एकच गोष्ट पुनःपुन्हा सांगत आला होता, की डोळ्यांनी पाहिलेलं आणि डोक्याने जुळवलेलं वेगवेगळ्या वह्यांत लिहा. आता एकाहत्तराव्या वर्षी त्याला आपल्याच दोन वह्यांची सरमिसळ होताना दिसत होती. कॅथरीन नावाच्या गावात त्याने गॅस चालू ठेवला होता. टेनंट क्रीकला तो पेट्रोल पंपावर उभा राहून स्वतःचा पिनकोड आठवत बसला होता. येत्या गुरुवारी मुलीने ठरवलेल्या डॉक्टरांकडे स्मरणशक्तीची तपासणी होती. डॉक्टर गाडी चालवू नको म्हणाले तर हा त्याचा शेवटचा प्रवास, असं दोघांमध्ये ठरलं होतं. ठरवताना मेरिलिन रडली होती, तो नाही.

रस्ता सरळ होता. दोन्ही बाजूंना लालसर दगडगोट्यांचं मैदान क्षितिजापर्यंत पसरलं होतं. पडद्यामागे शांत होतं.

२

पाऊण तासाने रेडिओ बोलला.

या रस्त्यावर फोनला रेंज नसते, त्यामुळे झाडून सगळ्या गाड्यांत रेडिओ असतो आणि फिरस्ती म्हातारी मंडळी आपली नावं आणि रेडिओचा चॅनेल गाडीच्या पाठीवर रंगवून घेतात. लीथच्या गाडीवरही होतं, 'लीथ आणि मेरिलिन, चॅनेल १८'. रंगवलं होतं मेरिलिननेच, आणि शेवटच्या अक्षरापर्यंत जागा पुरली नव्हती.

"लीथ आणि मेरिलिन, अठरावर आहात का कुणी?"

लीथने माइक उचलला आणि ऐकतोय म्हणून सांगितलं. बोलणारा कोल नावाचा ट्रकवाला होता. तीन ट्रेलर ओढत तो उत्तरेकडून येत होता आणि लीथच्या मागे कुठेतरी वीसेक किलोमीटरवर होता. आवाजात हसू दाबलेलं कळत होतं.

"दोस्ता, गाडी चालवतोय तो लीथच ना? मग आधी बाजूला घे आणि दीर्घ श्वास घे. तू बायको विसरलायस."

लीथ म्हणाला की काहीतरी घोटाळा होतोय.

"घोटाळा झालाच आहे. कार्मोडीला नोलीन आहे ना काउंटरवर, तिने मागच्या ट्रकला सांगितलं, त्याने मला सांगितलं. तुझी बायको तिथे व्हरांड्यात बसलीय. बिचारी गाडीत चढली, परत उतरून बाथरूमला गेली, बाहेर येऊन बघते तर तू पसार. लाज वाटून घेऊ नकोस, वर्षाला तीन-चार जण असं करतात. गेल्या साली एकाने सासूला ठेवलं होतं. तो म्हणे दुसऱ्या दिवशी परत आला."

मग तसंच असणार. हे होणारच होतं, फक्त कधी तेवढं ठरायचं होतं, असं त्याला वाटलं आणि गुरुवारच्या डॉक्टरांसमोर मेरिलिन हे कसं सांगेल तेही ऐकू आलं. त्याने वेग कमी केला.

"काय झालं रे?" पडद्यामागून मेरिलिनने विचारलं.

पडदा बाजूला झाला. ती वाकून पुढे आली, शेजारच्या सीटवर बसली, स्वेटर खाली ओढून नीट केला. निळा स्वेटर, सकाळपासून अंगात असलेला.

लीथ हसला. मोठ्याने, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. माइकमध्ये त्याने कोलला सांगितलं की तुम्ही सगळ्यांनी मिळून म्हाताऱ्याचा जीव घेतला असता. माझी बायको इथे माझ्या शेजारी बसली आहे. व्हरांड्यातली बाई दुसऱ्या कुणाची तरी असणार, तिच्या नवऱ्याला शोधा.



"बरं," कोल म्हणाला. "मी विचारतो."

३

दहा मिनिटांनी कोल परत आला. आता तो हसत नव्हता.

त्याने नोलीनला परत विचारायला लावलं होतं. ती बाई आपलं नाव मेरिलिन पास्को सांगते. निळा स्वेटर आहे. सत्तरीची असेल. फोन गाडीतच राहिला म्हणाली. लीथने समोर पाहिलं. मेरिलिनचा फोन डॅशबोर्डवर चार्जिंगला लावलेला होता. तो रोज तिथेच असायचा, त्यामुळे त्यातून काही सिद्ध होत नव्हतं.

"आणि एक निरोप दिलाय तिने," कोल म्हणाला. "जसाच्या तसा सांग म्हणाली. त्या शहाण्याला सांगा, वळताना घाई करू नकोस, कडेची माती भुसभुशीत आहे. मातीत डॉक्टरेट केलीयेस तरी दोनदा रुतला आहेस."

लीथने शेजारी पाहिलं नाही. दोनदा, हे बरोबर होतं. एकदा गेल्या महिन्यात, आणि एकदा सत्याऐंशी साली, जेव्हा गाडीत फक्त ते दोघं होते.

"कोण आहे ती?" शेजारून मेरिलिनने विचारलं.

"कुणीतरी गंमत करतंय," लीथ म्हणाला.

"असेल," ती म्हणाली. "तू म्हणतोस तर तसंच असेल."

त्याने माइक जागेवर लटकवला. कोलचा आवाज आणखी दोनदा आला, काय करतोयस एवढंच तो विचारत होता, आणि मग अंतर वाढून तो खरखरीत बुडाला.

लीथने आपल्या सवयीप्रमाणे गोष्टी मांडायला घेतल्या. पाहिलेलं काय? शेजारी बायको बसली आहे. तिचे हात मेरिलिनचे आहेत, उजव्या अंगठ्यावरचा कात्रीचा व्रण आहे, चष्म्याची दोरी आहे. ऐकलेलं काय? तीन तोंडांतून आलेला एक निरोप. कुठलाही शहाणा माणूस पाहिलेल्याला जास्त वजन देईल. थांब्यावर त्यांनी नोलीनशी गप्पा मारल्या होत्या, मेरिलिनला अनोळखी माणसांना नवऱ्याच्या फजित्या सांगायला आवडायचं, तिथे चार ट्रकवाले चहा पीत बसले होते. ऐकलं असेल. हळू चालणाऱ्या म्हाताऱ्यांच्या गाड्यांवर ट्रकवाल्यांचा राग असतोच.

हे सगळं जुळत होतं. तरी त्याने दुसऱ्यांदा शेजारी पाहिलं, ओझरतं, आरशात बघायचं निमित्त करून. झोपून उठलेल्या मेरिलिनच्या गालावर नेहमी उशीच्या शिवणीची रेघ उमटलेली असायची. संध्याकाळपर्यंत राहायची, आणि तो तिला त्यावरून चिडवायचा. आज गाल गुळगुळीत होता.

आडवी झाली असेल, झोपली नसेल.

"पर्स कुठे आहे तुझी?" त्याने विचारलं.

"मागे आहे."

"घराच्या किल्ल्या तीत आहेत ना?"

"असतील," ती म्हणाली, आणि समोरच्या रस्त्याकडे बघून सावकाश हसली, जणू हा रस्ता ती पहिल्यांदाच बघत होती आणि तो तिला पसंत पडला होता.

४

समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला स्टिअरिंगच्या चाकावरचं बोट उचलून सलाम करायचा, ही इथली रीत. लीथ एक बोट उचलायचा, मेरिलिन अख्खा हात हलवायची. समोरून एक कॅरव्हॅन आली. लीथने बोट उचललं. शेजारी हात मांडीवरच राहिला. त्या गाडीतल्या बाईने मात्र हात वर केला होता. दोन्ही गाड्या समोरासमोर आल्या तेव्हा तिने लीथच्या शेजारी पाहिलं, आणि तिचा हात हलायचा थांबून तसाच अधांतरी राहिला.

हेही त्याने पाहिलं होतं का? एक सेकंदही नव्हता.

आपण बायकोवर संशय घेतोय, याची त्याला शरम वाटली. आपल्या माणसांऐवजी घरात दुसरंच कुणी येऊन बसलं आहे, असं काही म्हाताऱ्यांना वाटू लागतं, हे त्याने कुठेतरी वाचलं होतं. मेंदूचा एक विकारच असतो तो. गुरुवारी डॉक्टर बहुधा तेच विचारतील. आणि लीथ आधी बायकोकडे बघेल, मग खोटं बोलेल.

तेव्हा त्याने परीक्षा घ्यायचं ठरवलं, आणि परीक्षा आपली आहे असं स्वतःला सांगितलं.

त्याने जुन्या गोष्टी काढल्या. लग्नातल्या पावसाची, मुलीच्या जन्माची, बेरी गावातल्या पहिल्या भाड्याच्या घराची. तिने सगळं बरोबर सांगितलं. अडखळली नाही, वादही घातला नाही. हेच त्याला टोचायला लागलं. मेरिलिनने सेहेचाळीस वर्षांत त्याची एकही आठवण दुरुस्त केल्याशिवाय पुढे जाऊ दिली नव्हती. भाड्याच्या घराचं दार हिरवं होतं असं तो म्हणाला, तर ती पिवळं म्हणायची, आणि मग अर्धा तास दारावरून भांडण व्हायचं.

"ब्रोकन हिलला आपला कुत्रा हरवला होता," लीथ म्हणाला. "तपकिरी. आठवतो?"

त्यांनी कधी कुत्रा पाळला नव्हता. कुत्र्याच्या केसांनी मेरिलिनला शिंका यायच्या, डोळे सुजायचे.

"आठवतो की," ती म्हणाली. "तीन दिवस शोधला आपण. मी म्हणत होते अजून एक दिवस थांबू. शेवटी तूच म्हणालास, चल, राहू दे."

गाडीच्या इंजिनाचा आवाज एकसारखा चालू होता. ती बोलली आणि लीथला तो कुत्रा दिसला. गाडीच्या मागच्या काचेतून, धुळीत धावणारा, एक कान दुमडलेला. तो लहान होत गेला आणि मग धावायचा थांबला. लीथला त्याचं नावही आता आठवलं असतं, त्याने तसा प्रयत्न केला असता तर.

त्याने प्रयत्न केला नाही. चाक घट्ट धरून तो माती, दगड, मैलाचे खांब असं डोळ्यांना दिसेल ते मनात म्हणत राहिला.

आता संशय दोन ठिकाणी होता. शेजारी बसलेल्या बाईवर, आणि तिच्याकडे बघणाऱ्या माणसावर. दोघांपैकी कोण खोटं, ते त्याला ठरवता येत नव्हतं. पण एक गोष्ट साधी होती. शेजारची बाई मेरिलिन असेल, तर मागे वळल्याने फक्त तीन तास वाया जातील आणि ती आयुष्यभर चिडवेल. आणि नसेल, तर त्याची बायको सव्वाशे किलोमीटर मागे एका व्हरांड्यात बसून रस्त्याकडे बघते आहे, आणि दर मिनिटाला तो तिच्यापासून दीड किलोमीटर दूर जातो आहे.

५

पाण्याची टाकी आणि दोन बाक असलेली विश्रांतीची जागा आली. लीथने वेग कमी केला.

त्याने तिला सांगितलं की कार्मोडीला परत जाऊन येऊ. आपला काही संबंध नसला तरी एक बाई अडकली आहे आणि आपलं नाव घेते आहे. जाऊन बघितलेलं बरं. तो उगाचच जास्त बोलत होता. मनात तो वाट बघत होता की आता मेरिलिन चिडेल. म्हणेल, डोकं फिरलंय का तुझं, उद्या घरी पोचायचंय. मी इथे जिवंत बसलेय आणि तू मला शोधायला मागे निघालास? तिने तसं म्हटलं असतं तर त्याने तिचा हात हातात घेतला असता, माफी मागितली असती आणि सरळ घराकडे गेला असता.



"सीट दोनच आहेत, लीथ," ती म्हणाली.

आवाजात राग नव्हता. समजूत घातल्यासारखा होता. एखाद्या लहान मुलाने घरी तिसरं मांजर आणायचं म्हटल्यावर आई बोलेल तसा.

लीथ हसल्यासारखं करून म्हणाला की मग तू मागे पलंगावर बस.

"मी होते की मागे," ती म्हणाली. "पुष्कळ दिवस होते."

त्याने गाडी वळवली. कडेची माती खरंच भुसभुशीत होती. मागचं चाक एकदा फिरलं, धूळ उडाली, पण गाडी निघाली. तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. हे त्याने मुद्दाम पाहून ठेवलं, कारण घड्याळाशी अजून तरी त्याचं भांडण नव्हतं.

परतीच्या रस्त्यावर तो नव्वदच्या वर गेला, मग शंभरच्या वर. मागे कपाटात ताटल्या खुळखुळत होत्या. शेजारची बाई रस्त्याकडे बघत नव्हती, त्याच्याकडे बघत होती. गाल त्या बाजूने गार पडावा तसं त्याला ते जाणवत होतं. त्याने मान वळवली नाही. मान वळवून तिथे मेरिलिनच दिसेल, आणि आपल्याला परत तिच्यावर विश्वास बसेल, याचीच त्याला भीती वाटत होती.

६

दहा मिनिटांनी समोरून येणारा कोलचा ट्रक गडगडत शेजारून गेला. कोलने भोंगा वाजवला आणि चॅनेलवर म्हणाला, "शाब्बास दोस्ता, उशिरा का होईना." लीथने उत्तर दिलं नाही. माइक उचलायचा तर चाकावरचा एक हात शेजारच्या सीटच्या बाजूला न्यावा लागला असता.

पुढे पंधरा मिनिटांनी दुसराच आवाज आला. बाई ट्रक चालवत होती, कार्मोडीहून निघालेली, सगळ्यांसाठीच सांगत होती. "अठरावरच्या सगळ्यांना, ती विसरलेली बायको मिळाली बरं का नवऱ्याला. आता शोधाशोध बंद करा. अर्ध्या तासापूर्वीच येऊन घेऊन गेला तिला. तिने असा काही उद्धार केला त्याचा की अख्खा थांबा खिडकीत उभा होता. नोलीन म्हणतेय, तिकीट लावायला पाहिजे होतं."

आता लीथने माइक उचलला.

"तिचा नवरा मी आहे," तो म्हणाला. "मी अजून पोचलोच नाही."

"काय म्हणालास?"

"लीथ पास्को. मी अजून साठ-सत्तर किलोमीटर लांब आहे."

खरखर झाली. मग ती बाई जरा सांभाळून बोलली. ती म्हणाली की दोस्ता, तू बरा आहेस ना, तुझ्याबरोबर कुणी आहे का. मी स्वतः पाहिलं त्यांना. पांढरी गाडी होती, पाठीवर नावं होती. तो उतरला, टोपी हातात धरून उभा राहिला, ती ओरडत होती आणि तो मान डोलवत होता. मग तिने त्याला मिठी मारली. तू नक्की कुठे आहेस, ते सांग.

लीथने घड्याळाकडे पाहिलं. चारला दहा कमी. अर्ध्या तासापूर्वी म्हणजे तीन वीस, त्याने गाडी वळवली तीच वेळ. त्याने हिशेब परत केला आणि तो परत तेवढाच आला.

क्षितिजावर, जिथे रस्ता उन्हात पाण्यासारखा हलत होता, तिथे एक पांढरा ठिपका उगवला.

अशा पांढऱ्या गाड्या या रस्त्यावर दिवसाला तीस-चाळीस जातात. लीथने स्वतःला हे दोनदा सांगितलं. ठिपक्याला काच आली, काचेला चौकट आली. छताखाली, लीथच्या गाडीला होता तसाच, गुंडाळलेला हिरवा कापडी मंडप दिसला. लीथने वेग इतका कमी केला की गाडी जवळजवळ चालत होती.

तो चालवणाऱ्याकडे बघणार होता. तसंच ठरवलं होतं. पण डोळे आधी दुसऱ्या सीटवर गेले. तिथे मेरिलिन होती. ती पूर्ण वळून चालवणाऱ्याकडे तोंड करून बसली होती आणि बोट नाचवत बोलत होती. मेरिलिनचं रागावणं तीन फेऱ्यांचं असे. पहिल्या फेरीत झालेली चूक, दुसरीत त्याची आई, आणि तिसरीत, हे सगळं माहीत असूनही मी लग्न केलं ही माझीच चूक. ती तिसऱ्या फेरीत आली होती. काचेतून एक शब्द ऐकू येत नव्हता, तरी लीथला ते कळलं. बोलता बोलता ती हसायला लागली होती.

तिचा गाल उन्हाने लाल झाला होता. तिने बाहेर पाहिलंच नाही.

चालवणाऱ्याने चाकावरचं एक बोट उचलून लीथला सलाम केला. टोपीच्या सावलीत जबडा हलला, आणि हनुवटीखाली दाढी करताना राहून गेलेली पांढरी पट्टी दिसली. एवढंच. चेहरा पाहिला असं लीथ कधीच शपथेवर सांगू शकला नसता. पण लीथचा स्वतःचा हात नकळत हनुवटीखाली गेला आणि तिथे ती खरखरीत पट्टी लागली, ही गोष्ट पाहिलेल्याच्याच वहीत जायला हवी होती.

गाडी गेली. धूळ थोडी उडाली आणि बसली.

७

लीथने रस्त्याच्या कडेला गाडी उभी केली आणि इंजिन बंद केलं. मैदानावर वारा नव्हता. ऊन कलतं झालं होतं.

आता त्याला कसलाही संशय उरला नव्हता, आणि अकरा आठवड्यांत इतकं स्वच्छ डोकं त्याला पहिल्यांदाच वाटत होतं. त्याची बायको जिवंत होती, हसत होती आणि दक्षिणेकडे चालली होती. तिला सांगायला हवं होतं. त्याने माइक तोंडाशी धरला, आणि काय सांगायचं त्याची जुळवाजुळव करताना त्याला कळलं की तुझं माणूस मागे राहिलंय, हेच दीड तासापूर्वी कोलने त्याला सांगितलं होतं आणि तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला होता.

"मेरिलिन," तो म्हणाला.

खरखर.

"मेरिलिन, मी लीथ."

पलीकडे कुणीतरी बटण दाबलं. आधी घसा साफ केल्यासारखा बारीक खोकला आला. मग पुरुषाचा आवाज, हळू, शेजारी कुणाला ऐकू जाऊ नये असा.

"नको रे. आत्ताच शांत झालीय ती."

आवाज वाईट नव्हता. दमलेला होता, आणि त्यात काळजी होती. लीथ आणखी दहा मिनिटं बटण दाबत राहिला, पण तोवर ते लांब गेले असावेत.

शेजारी पट्टा ओढल्याचा आणि बकलमध्ये बसल्याचा आवाज झाला. इतका वेळ तिने पट्टा लावलेलाच नव्हता, हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं.

"किती जण होते त्या गाडीत?" तिने विचारलं.

"दोन," लीथ म्हणाला.

"मग झालं तर." ती सीटवर नीट मागे रेलून बसली. "ते घरी चालले. आपण कुठे जायचं?"

लीथने उत्तर द्यायला तोंड उघडलं. मूंटा, असं त्याला म्हणायचं होतं. गाव आठवत होतं. समुद्राकडे उतरणारी गल्ली आठवत होती, फाटकाची कुरकुर, स्वयंपाकघराच्या खिडकीतलं लिंबाचं झाड, सगळं जसंच्या तसं आठवत होतं. फक्त तिथे मी राहतो, असं म्हणायला त्याची जीभ उचलेना.

ती वाट बघत राहिली. तिला घाई नव्हती.